कोपऱ्यावरचा दगड

वीरगळ, सतीशिळा आणि गधेगाळ यांच्या नोंदी करत गावोगाव हिंडणारे अभ्यासक आता महाराष्ट्रात पुष्कळ झाले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. देवळाच्या पायरीला लागलेला शिलालेख कुणाच्या तरी नजरेस पडतो, त्याचा ठसा घेतला जातो, वाचन होते. बांधाच्या कोपऱ्यावर रोवलेला, निम्मा मातीत गेलेला, वर काहीही न कोरलेला काळा दगड मात्र कुणाच्याच यादीत येत नाही. तो मोजणीचा दगड. एकोणिसाव्या शतकात सर्व्हे खात्याने शेताशेताच्या कोपऱ्यांवर आणि वळणांवर असे दगड उभे केले. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या मुलखातल्या सामान्य कुणब्याच्या आयुष्यावर त्यांनी जेवढा परिणाम केला, तेवढा कोणत्याही ताम्रपटाने केला नसेल. हे विधान मी पूर्ण विचाराने करतो आहे, आणि पुढची सगळी प्रकरणे त्याच्याच आधारासाठी आहेत.

या दगडाकडे दुर्लक्ष होण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. शिलालेख वाचता आला की तो स्वतःचे म्हणणे स्वतः सांगतो. मोजणीचा दगड एकटा काहीच सांगत नाही. त्याचे म्हणणे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात, टिपण नावाच्या कागदावर, बहुधा मोडीत लिहिलेले असते. दगड शिवारात आणि त्याचा अर्थ दप्तरात, अशी ही फाळणी आहे. ज्याला दगड ठाऊक असतो त्याला टिपण वाचता येत नाही, आणि टिपण वाचणारा सहसा त्या बांधावर गेलेला नसतो. दोन्ही एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय यातले काहीच हाती लागत नाही.

हद्द खुणेने पक्की करण्याची खटपट अर्थातच इंग्रजांपासून सुरू झाली नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या वादांसाठी मोठा मजकूर खर्ची पडला आहे. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावर, ताड अशी झाडे लावावीत, तळी आणि विहिरी कराव्यात, हे तर आहेच. त्याहून मोलाचा भाग पुढे येतो. सीमेबाबत लोकांची नेहमी चूक होते, म्हणून गुप्त खुणाही पुराव्यात, असे तिथे सांगितले आहे: दगड, हाडे, गाईचे केस, भुसा, राख, खापऱ्या, वाळलेले शेण, विटा, कोळसे, खडे, वाळू, मातीत लवकर कुजून न जाणारे असे जे काही असेल ते. उघडी खूण शेजारी उपटून टाकील, पण जमिनीखाली काय आहे ते त्याला कळणार नाही, हा त्यामागचा हिशेब. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरेत विज्ञानेश्वरांनीही सीमाविवाद हे स्वतंत्र प्रकरण म्हणून हाताळले आहे. शिलाहारांच्या काळापासून कोकणात उभे राहिलेले गधेगाळ याच काळजीतून आलेले. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढवाचे ते शिल्प. दान दिलेल्या जमिनीला जो हात लावील त्याच्या घरातल्या बाईवर हा प्रसंग येवो, अशी शिवी दगडात कोरून ठेवलेली. जमीन राखण्यासाठी बाईची विटंबना पुढे करणारा तो समाज कसा होता, हेही त्या दगडावर लिहिलेले आहे, आणि त्याची नोंद करताना नजर वळवून चालत नाही.

मराठेशाहीत शिवेचे वाद गोतसभेपुढे येत. आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदार जमत, महजर म्हणजे निवाड्याचा लेख होई, आणि गावचा महार पुढे होऊन शीव दाखवत चाले. गावाची हद्द कुठून कुठे जाते हे त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ज्ञान होते, आणि त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. ज्या माणसाला गावाच्या वस्तीत राहू दिले जात नव्हते, त्याच्या शब्दावर त्या गावाची जमीन कुठे संपते ते ठरत होते. आपल्या ग्रामव्यवस्थेतला हा अन्याय मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. सर्व्हेचा दगड आला तेव्हा हे ज्ञान त्याच्याकडून कागदाकडे गेले. वतनाची राबणूक मात्र तशीच त्याच्या माथी राहिली. ती कायद्याने संपायला स्वातंत्र्यानंतरचे दशक उजाडावे लागले.

गावाची शीव अशी पक्की असली, तरी गावाच्या आतल्या शेतांची गोष्ट वेगळी होती. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी केलेली जमिनीची पाहणी प्रसिद्ध आहे. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरस-चौरस तो बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर, हे मान बखरकार सभासदाने नोंदवले आहे. पण पुढे पेशवाईच्या अखेरीपर्यंत बिघ्याचे माप जागोजाग बदलले. हलक्या जमिनीचा बिघा मोठा आणि भारी जमिनीचा लहान, अशीही पद्धत होती, आणि आकारणीच्या दृष्टीने तीत शहाणपण होते. शेतांना नावे असत, हद्दी झाडाझुडपांवरून, ओघळींवरून, शेजाऱ्यांवरून सांगितल्या जात. गावातल्या माणसाला एवढे पुरे होते. पुण्याला बसून वसुली करू पाहणाऱ्या परक्या सरकारला ते पुरण्यासारखे नव्हते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि दहा वर्षांच्या आत रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे दख्खनच्या मोजणीचे काम आले. प्रिंगल हुशार होता आणि त्या काळच्या इंग्रजी अर्थशास्त्राने भारलेला होता. शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यायचा, असे त्याचे सूत्र. कागदावर ते निर्दोष दिसत होते. प्रत्यक्षात मोजणी चुकीची झाली, निव्वळ उत्पन्नाचे आकडे भरवशाचे नव्हते, आकारणी जड बसली, आणि त्यातच धान्याचे भाव उतरलेले होते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा इंदापूर तालुका, नीरा आणि भीमा यांच्या बेचक्यातला, बेभरवशाच्या पावसाचा. तिथली शेते ओस पडली. माणसे घरदार सोडून निजामाच्या मुलखात निघून गेली.

म्हणून १८३५ साली मुलकी खात्यातला गोल्डस्मिड आणि इंजिनिअर्स पलटणीतला लेफ्टनंट विंगेट इंदापुरात आले, आणि १८३६ पासून नवी आकारणी सुरू झाली. पुढे जिला मुंबई पद्धत म्हटले गेले, ती या तालुक्यात जन्मली. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. निव्वळ उत्पन्नाचा नाद त्यांनी सोडला आणि जमिनीकडे पाहिले. मातीची खोली किती, रंग कोणता, चुनखडी किंवा वाळू किती मिसळली आहे, उतार आहे का, पाणी साचते का, हे पाहून जमिनीचे नऊ वर्ग केले. पहिला वर्ग सोळा आण्यांचा, शेवटचा दोन आण्यांचा. एका बैलजोडीने कसता येईल एवढे क्षेत्र धरून सर्व्हे नंबर पाडले. आकार तीस वर्षांसाठी बांधून दिला. त्या मुदतीत कुणी विहीर खणली, ताली घातल्या, तरी सारा वाढणार नाही, अशी हमी दिली. आणि ज्याला जो नंबर नको असेल त्याने राजीनामा देऊन तो सोडावा, ही मोकळीकही ठेवली.

हे सगळे उभे होते ते दगडांवर. नंबर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे जमिनीवर दिसल्याशिवाय ना वर्ग लावता येत, ना सारा, ना राजीनामा देता येत. म्हणून दोन नंबरांमध्ये न नांगरलेली पट्टी सोडली, कोपऱ्यांवर आणि वळणांवर मातीचे बुरूज रचले, दगड रोवले.

मोजणी शंकू-साखळीने होई. तिच्यावर जरा रेंगाळायला हवे, कारण आजच्या बांधाच्या निम्म्या भांडणांचे उत्तर या पद्धतीत आहे. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर. सातबारावर आता हेक्टर-आर आले, तरी गावात जमीन अजून गुंठ्यातच बोलली जाते, आणि तो गुंठा या साखळीचा आहे. मोजणीदार शेताच्या आरपार एक आधाररेषा धरी. तिच्यावरून साखळी टाकत जाताना डावीकडच्या आणि उजवीकडच्या दगडांच्या समोर आला की शंकूने काटकोन साधून त्या दगडापर्यंतचा लंब मोजी. आधाररेषेवर किती साखळ्या-आणे झाले आणि लंब किती भरला, एवढे दोन आकडे म्हणजे त्या दगडाचा पत्ता. ते टिपणावर लिहिले जात. टिपणाचे चित्र प्रमाणात काढलेले नसे. खरे होते ते आकडे. मग त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडून गुणाकार बुकात क्षेत्र काढले जाई, आणि साऱ्या गावाचा नकाशा एका इंचाला वीस साखळ्या या प्रमाणात उतरवला जाई.

आता या साखळीचा एक आणा म्हणजे दोन फूट आणि पाऊण इंच. साखळीवरचा लहानात लहान भाग एवढा. त्याखालचे माप मोजणीदाराच्या नजरेच्या अंदाजाने. शिवाय वापरून साखळीच्या कड्या झिजत, ती ताणली जाई, उतारावर ती सपाट धरली नाही तर लांबी फुगे. याचा अर्थ असा की टिपणावरच्या आकड्याला फूट-दोन फुटांची चूक पोटात घेऊनच वाचावे लागते. दगडाला मात्र ती चूक लागू होत नाही. मोजणीदाराने त्याची नोंद आखूड केली असेल वा लांब, दगड जिथे रोवला तिथेच त्या दिवशी हद्द ठरली. कागदाहून दगड नेमका आहे. आज भूकरमापक उपग्रहांच्या आधारे चालणारा रोव्हर घेऊन बांधावर येतो, आणि तो रोव्हर काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. पण कशाची जागा? जुनी हद्द शोधायची तर टिपण जमिनीवर बसवावे लागते, आणि टिपण बसवायला जुन्या, न हललेल्या खुणा लागतात. दोन-तीन मूळ दगड जागेवर सापडले तर बाकीचे कोपरे त्यांच्यावरून काढता येतात. एकही सापडला नाही तर उत्तम यंत्र हातात असूनही टिपण कुठे टेकवायचे हा प्रश्न उरतो. बांधाचा दगड उपटणारा माणूस आपल्या शेजाऱ्याची दोन हात जमीन खातो एवढेच आपल्याला दिसते. प्रत्यक्षात तो त्या दगडावरून मोजता आली असती अशी आसपासची कित्येक शेते निराधार करतो. त्यांचे मालक त्याच्या भांडणात कुठेही नसतात.

दगडाने शेतकऱ्याचे भले केले की वाईट, याचे सरळ उत्तर मला देता येत नाही. विंगेटच्या आकारणीने इंदापुरात ओस जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या, हे खरे. मनमानी वसुलीला आळा बसला, हेही खरे. पण ज्या शेताला नंबर, क्षेत्र आणि ठरलेला सारा मिळाला, ते शेत सावकाराला तारण म्हणूनही सोयीचे झाले. पूर्वी सावकाराचा डोळा पिकावर असे, आता जमिनीवर गेला. त्यातच पहिली तीस वर्षे सरली आणि १८६७ च्या सुमाराला फेरआकारणीचे नवे, चढे दर लागू होऊ लागले. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेला भाव तोवर ओसरला होता. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि कर्जाचे कागद त्यांनी पेटवून दिले. ते कागद खतांचे आणि गहाणांचे होते. एकेका शेताचा नंबर लिहून त्याच्यावर बोजा चढवता आला, तो मोजणीमुळे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दर तीस वर्षांनी होणाऱ्या पैमाषीवर जो घणाघात आहे, तो या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्यातली आग कशाची आहे ते कळते.

वऱ्हाडात ही पद्धत १८६० नंतर गेली. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यातही पुढे तिच्याच धर्तीवर मोजणी झाली. कोकणात खोती, भातखाचरे आणि वरकस जमिनी यांमुळे तिला वेगळे रूप घ्यावे लागले. नागपूरकडचा मालगुजारी मुलूख निराळ्या व्यवस्थेत होता. या प्रदेशांचा विचार इथे ओझरताच आहे. प्रत्येकावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा, तो त्या त्या भागातल्या माणसाने लिहावा.

हे दगड गेले कुठे, या प्रश्नाची उत्तरे जागोजाग वेगळी आहेत. काळ्या मातीत तर दगड आपोआप हलतो. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पावसात माती फुगते, आणि वर्षानुवर्षे हे चालले की सरळ रोवलेला दगड कलतो, खचतो, अखेर दिसेनासा होतो. तिथे खणून पाहिल्याशिवाय दगड नाही असे म्हणू नये. विसाव्या शतकात वाटण्या वाढल्या, सर्व्हे नंबराचे पोटहिस्से पडले, फाळणीची टिपणे झाली. १९४७ च्या कायद्याने तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आले, अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुना दगड गटाच्या मधोमध बिनकामाचा उभा राहिला. मग नांगराला अडतो म्हणून निघाला. नीरेच्या डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणी आणले होते, पुढे त्यावर ऊस उभा राहिला, आणि ज्या माळाला कुणी विचारत नव्हते तिथे फूटभर बांधालाही किंमत आली. बांध कोरण्याची खोड तेव्हाची. ट्रॅक्टरने ती सोपी केली, जेसीबीने एका दुपारचे काम केले. भीमेकाठची गावे उजनीच्या पाण्याखाली गेली. ज्या तालुक्यात मुंबई पद्धतीचा पहिला प्रयोग झाला, त्याच तालुक्यातली शेते त्यांच्या हद्दींसकट धरणाने पोटात घेतली. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि ते पाहायला गर्दी लोटते. तशा वेळी उघड्या पडलेल्या गाळात एखादा कोपऱ्याचा दगडही दिसू शकतो. अशा दगडाची जागा यंत्राने टिपून ठेवायला हवी, हे मी संबंधितांना कळकळीने सांगतो.

काही दगड वाचले ते शेंदरामुळे. बांधावर म्हसोबा असणे आपल्याकडे नवे नाही. हद्दीचाच दगड म्हसोबा झाला की त्याला पहार लावायला कुणी धजत नाही. कायद्याचा धाक त्या मानाने कमी पडला. १८६० च्या दंड संहितेत सरकारने ठरवलेली हद्दीची खूण नष्ट करणे किंवा हलवणे हा कलम ४३४ खाली गुन्हा होता. १८७९ चा जमीन महसूल कायदा आणि आता १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, दोन्हींनी सीमाचिन्हे सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली, आणि ती नष्ट होऊ न देणे हे गावच्या अधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरवले. बांधाच्या वादात सापडलेल्या किती जणांना हे ठाऊक असते? मोजणीचा अर्ज, लगतच्या कब्जेदारांना नोटिसा, मोजणी, तिच्या नकाशाची क प्रत, ती मान्य नसेल तर निमताना म्हणजे फेरमोजणी, मग दिवाणी दावा. भावाभावांची हयात यात जाते. मूळ दगड जागेवर असता तर यातले निम्मे टप्पे लागलेच नसते.

सरकार जुनी टिपणे, नकाशे, गुणाकार बुके स्कॅन करून जपत आहे, आणि त्या कामाचे मोल मोठे आहे. गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली. पण कागद वाचवताना शिवारातल्या खुणा कुणी वाचवत नाही, आणि खुणा गेल्या की वाचवलेल्या कागदाचा आधार जातो. प्रत्येक गावात अजून जागेवर असलेले मूळ दगड शोधावेत, त्यांचे आजचे अक्षांश-रेखांश घ्यावेत, आणि ते टिपणाशी जोडून सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत, ही या पुस्तकाची मागणी आहे. भूमी अभिलेख खात्याकडे यंत्रे आहेत. गावाकडे अजून अशी वयस्कर माणसे आहेत, ज्यांना कोणता दगड आजोबांच्या वेळचा आणि कोणता परवा आणून टाकलेला हे बोट ठेवून सांगता येते. ही माणसे आहेत तोवर हे काम स्वस्तात होईल.

वाचकांसाठी थोडे मापांविषयी. जुन्या मोजणीचे आकडे पुढच्या प्रकरणांत साखळी-आण्यांतच ठेवले आहेत, कारण फूट किंवा मीटर केले की मूळ मापात नसलेली अचूकता त्यांना उगाच चिकटते. क्षेत्र एकर-गुंठ्यांत आहे. टिपणांचे मोडी वाचन देताना मूळ लेखन जसेच्या तसे ठेवले आहे. ज्या दगडांची छायाचित्रे आहेत, त्यांच्या जमिनींचे गट नंबर जाणूनबुजून दिलेले नाहीत, कारण त्यांतल्या काहींच्या दोन्ही बाजूंचे लोक आजही एकमेकांशी बोलत नाहीत.